रुंद टायर कुणाला विचारून बसवले?

“काल मी बारीक टायर सांगून गेलते, हे रुंद कुणाला इचारून बसवले?” बाई अशी ओरडली की लातूरच्या त्या गल्लीतले सगळे क्लास बंद पडले असावेत. निदान समोरच्या मजल्यावरचे फिजिक्सचे सर तरी खडू हातात घेऊन खिडकीत आले.

मी टायरच्या दुकानात स्कूटरचं पंक्चर काढून घ्यायला बसलो होतो. बाई पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडं सारलेल्या. तिची जुनी अँबॅसेडर दुकानापुढं आडवी उभी. दुकानदार मात्र तिच्यामागं उभ्या नवऱ्याकडं बघून हसला. “साहेब, रुंद टायरनं गाडीला रुबाब येतो.”

“चुलीत घाल तो रुबाब!” तिनं पुढच्या टायरवर अशी थाप मारली की गाडीच दचकली. “हिला पावर स्टेअरिंग न्हाई. वळवताना खांदे निखळून राहिले माझे. सकाळी क्लास सुटला, पोरगी सायकल घेऊन आडवी आली, अन् चाक वळंना! बोटभर अंतरानं वाचलं लेकरू. भूकंपात ह्याच गाडीतून जखमी नेले मी, बारीक टायरवर. पुढं तेच बसव!”

ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही, पण तो राग आठवला की अजून माझ्या मुठी आवळतात. कारण एवढं ऐकूनही दुकानदार नवऱ्यालाच म्हणाला, “मग साहेब, तुमचं काय म्हणणं? रुंदच राहू द्यायचे ना?”

नवरा म्हणाला, “मला गाडी चालवता येत न्हाई.”