व्याह्यांचं गाव कुठलं?

२०२३ साल. माझं वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत, आणि तरी छातीवर हात ठेवून लिहितो की फुटबॉलपायी स्वतःचे हाल करून घेणारा आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल. मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी गिरणीच्या नोकरीला सोलापुरात आले, इथलीच बायको केली, पुढं मुलगी आमच्या शुक्रवार पेठेत माझ्या थोरल्याला दिली. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे; त्यांच्या तालमीचा नेम असा, की मॅचच्या दिवशी समोरच्या संघाच्या गल्लीत पाणीसुद्धा प्यायचं नाही. तो नेम त्यांनी इथं आणला. आता कोल्हापूर-सोलापूर सामना लागला की बायको सोलापूरची, शेजारी सोलापूरचे, व्याही म्हणजे मी, तोही सोलापूरचा! मग हे गृहस्थ एसटी स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत बसायचे आणि कंडक्टरच्या बाटलीतलं पाणी मागून प्यायचे. पण दुसऱ्या कुणी सोलापूरला हरवलं, की रात्री ताटावरून उठायचे. "पाव्हणं, तुमी नक्की कुणाचे?" मी विचारायचो. "गप बसा की, मॅच बघू द्या," म्हणायचे.

नात आमची दोघांची. तिला गोलात उभं राहायला त्यांनीच शिकवलं, रोज सकाळी मैदानावर नेऊन. यंदा ती सोलापूरकडून खेळली आणि समोर आलं नेमकं कोल्हापूर. "आज्जा, आज माझ्याच बाजूनं ओरडायचं," तिनं बजावलं. "व्हय गं बाई," म्हणाले.

बसले मात्र गोलामागं, दोन्हीकडच्या लोकांपासून लांब. सोलापूर एका गोलानं पुढं होतं, आणि शेवटी शेवटी कोल्हापूरला पेनल्टी मिळाली. हा माणूस ताडकन उठून ओरडला, "आधी हलू नगंस! थांब!" पोर थांबली, चेंडू अडवला, सोलापूर जिंकलं. मी टोपी उडवली. नात हात पसरून त्यांच्याकडं पळाली. आणि हे तिच्या शेजारनं पुढं गेले, पेनल्टी हुकलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगं बाळ, मी बी तिकडलाच हाय."

"आज्जाला कोल्हापूरचीच पोर जवळची," नात घरी येऊन म्हणाली. "अगं, ओरडले कुणासाठी?" मी लई समजावलं. ऐकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे चेंडू घेऊन दारात. पोरगी पांघरुणातनं तोंड काढेना. "येत न्हाय म्हणते," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वळले. पाठमोरे बघितले तर ते कुठल्याच गावचे वाटेनात. मग जन्मात चेंडूला पाय न लावलेल्या मी धोतर खोचलं, "थांबा की पाव्हणं" म्हणालो, आणि मैदानावर जाऊन तिच्या जागी गोलात उभा राहिलो.