स्टोअरकीपरची ग्रीक वही

महादू घडशी गुहागर तालुक्यातले. दहावीला संस्कृत शंभर मार्कांचं घेतलं, कारण मार्क मिळतात असं मास्तर म्हणाले. त्र्याण्णव मिळाले. पुढे शिकायची ऐपत नव्हती, म्हणून चोविसाव्या वर्षी अबूधाबीला आले आणि मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत लागले. आधी हेल्पर, मग स्टोअरकीपर. पाइप, फ्लँज, बोल्ट, प्लेटा. तीस वर्षं तेच काम, आणि राहणं कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण.

ग्रीक त्यांच्याकडे ड्रॉइंगमधून आलं. पाइपच्या व्यासाला 'फाय' लिहितात, कोनाला 'थीटा'. सायप्रसच्या एका फोरमनला त्यांनी विचारलं, ही अक्षरं कुणाची? तो म्हणाला, आमची. नोकरी सोडून जाताना आपल्या मुलीचं शाळेतलं प्राचीन ग्रीकचं व्याकरण तो यांना देऊन गेला. समजावणी इंग्रजीत होती. महादूंचं इंग्रजी बेताचं, पण पहिला तक्ता उघडला तेव्हा इंग्रजीची गरजच पडली नाही. एकवचन, द्विवचन, अनेकवचन. "मी कॉटवर उठून बसलो," ते मला म्हणाले. "दोघांसाठी वेगळं रूप संस्कृतशिवाय कुणाकडे असेल असं वाटलंच नव्हतं. आणि बाई, 'मी देतो' याला ते 'दिदोमि' म्हणतात. ददामि!"

त्यांची माझी गाठ घालून दिली सुयशने. हा दुबईतल्या अल कुसैसच्या मराठी स्नेह केंद्राचा अध्यक्ष, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मी चौतीस वर्षं सांगलीला कॉलेजात संस्कृत आणि भाषाशास्त्र शिकवलं, आता मुलीकडे इथे असते. हे कळल्यापासून बारशाचं नाव असो की स्मरणिकेतलं शुद्धलेखन, फोन मलाच येतो. एका रविवारी तो महादूंना घेऊन घरी आला.

"काकू, यांनी प्रूव्ह केलंय की ग्रीक भाषा संस्कृतमधून निघाली. अकराशे चाळीस शब्द. भाषा दिनाला आपण पुस्तक काढतोय. तुमची फक्त दोन पानांची प्रस्तावना हवी."

"वही ठेवून जा," मी म्हटलं.

वही बघून मी चकित झाले, आणि मी सहसा होत नाही. अक्षर छापल्यासारखं. स्टोअरमध्ये मालाचं कार्ड असतं तसं प्रत्येक शब्दाचं कोष्टक होतं: ग्रीक शब्द, अर्थ, रूपं, कुठून आला. पुष्कळसं बिनचूक होतं. तिथेमि–दधामि. कुक्लोस–चक्र. झ्युगोन म्हणजे युग, आपलं बैलाच्या मानेवरचं जू. पण 'कुठून आला' या खान्यात सगळीकडे एकच उत्तर होतं, संस्कृत. जिथे जुळत नव्हतं तिथे ओढून आणलं होतं. थलस्सा म्हणजे समुद्र, कारण तिथे स्थलाचा अस्त होतो. लाब्युरिन्थोस म्हणजे भुलभुलैया, कारण त्यात लाभाला रंध्र नाही. ही चूक आपल्याच लोकांची. दोन शब्द जुळले की आपण लगेच आईच्या जागी बसतो.

पुढच्या रविवारी ते मुसफ्फाहून बसने एकटेच आले. मी सरळ सांगितलं.

"महादू, ग्रीक आणि संस्कृत बहिणी आहेत. आई वेगळी, आणि ती काही लिहून ठेवून गेलेली नाही. तुमचे निम्मे शब्द बरोबर आहेत, पण नातं चुकलंय. उरलेले निम्मे सरळ चूक आहेत."

"थलस्सा पण?"

"ती तर आधी काढा. ग्रीक लोक उत्तरेकडून, जमिनीवरून आले. समुद्राकाठी आधी कुणीतरी राहत होतं, बहुधा त्यांचाच शब्द यांनी उचलला. ते लोक कोण, हे कुणालाच माहीत नाही."

"मग मी तिथे काय लिहू?"

"तुमच्या स्टोअरमध्ये टेस्ट सर्टिफिकेट नसलेली प्लेट आली तर काय करता?"

"होल्डला ठेवतो. पिवळा टॅग लावतो. वेल्डिंगला देत नाही."

"वेल्डर घाईत असला तर?"

"शिव्या घालतो. तरी देत नाही." मग त्यांनी वही मिटली. म्हणाले, "बाई, मार्चमध्ये मी कायमचा जातोय. गावाला घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, ते कॅम्पातल्या सगळ्यांनीच केलंय. हे एक पुस्तक तेवढं माझं होणार होतं."

पण चूक ती चूक. ते वही घेऊन गेले.

चार महिने फोन नाही. म्हटलं, दुखावला माणूस. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दारात उभे, हातात नवी वही. फोनवरच्या कोशात एकेक शब्द पाहून सगळं पुन्हा लिहिलं होतं. चारशे शब्द काढून टाकले होते. उरलेल्यांचे तीन भाग केले होते: दोघांचे समाईक चारशे दोन, त्यांच्याकडून आपल्याकडे आलेले सव्वीस, आणि उगम माहीत नाही असे तीनशे बारा. थलस्सा तिसऱ्यात होती. साइटवर रोज म्हणतात ती प्लिंथ, म्हणजे जोतं, तीसुद्धा तिथेच. ग्रीकात प्लिन्थोस म्हणजे वीट, पण त्यांनाही तो शब्द कुणाकडून तरी मिळालेला.

"दुसऱ्या भागाची मजा वाटली," ते म्हणाले. "दिरहम त्यांच्या द्राख्मेवरून, आणि आपला दाम पण तोच. मी गुहागरहून 'खलास' घेऊन इथे आलो तेव्हा तो आपलाच समजत होतो. इथे आल्यावर कळलं, अरबांचा."

मी सुयशला बोलावून घेतलं. त्याने नवी वही चाळली.

"काका, हे काय? 'केंद्र' ग्रीक?"

"केन्त्रोन. टोकदार काठी. मग कंपासचं टोक. ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आला."

"म्हणजे आपल्या स्नेह केंद्राचं नाव ग्रीक?"

"स्नेह आपला आहे," मी म्हटलं.

त्याला हसू आलं नाही. "काकू, बी प्रॅक्टिकल. पहिल्या वहीचे मी तेव्हाच फोटो काढून ठेवले होते, त्यावरून पीडीएफ रेडी आहे. कव्हर झालंय, 'संस्कृत : ग्रीकची जननी'. कमिटीला तेच आवडलंय. लोकांना पॉझिटिव्ह काहीतरी लागतं. तीनशे बारा शब्दांपुढे 'माहीत नाही' लिहिलेलं पुस्तक कोण घेणार?"

"ती पहिली चुकीची आहे, साहेब," महादू म्हणाले.

"पण काका, नाव तुमचं, फोटो तुमचा. वाचतंय कोण?"

"या वाचतात." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि माझी मुलगी वाचेल, संजना. ती शाळेत शिकवते. पोरांना तेच सांगेल."

"नवीन टाइप करायला वेळ नाही. सत्तावीसला प्रोग्रॅम. ही नाही तर काहीच नाही. यू डिसाइड."

महादूंनी नवी वही जवळ ओढून घेतली. मला मध्ये बोलायचा मोह झाला, आणि खरं सांगायचं तर तो 'छापू दे' म्हणण्याचा होता. इतक्या वर्षांनी माणसाच्या हाती एक पुस्तक पडतंय, पडू दे.

"माझं नाव काढा," ते म्हणाले. "मग काय छापायचं ते छापा."

"नावाशिवाय कसं छापणार?"

"मग नका छापू."

सुयश खांदे उडवून गेला. वाईट मुलगा नाही तो. भाषा दिनाला लहान मुलांची नाटुकली झाली, जेवण चांगलं होतं.

महादू मार्चच्या नऊ तारखेला गेले. सामान कार्गोने पाठवलं, वही खांद्यावरच्या पिशवीत. मेमध्ये मला कुरियर आलं. संजनाने तालुक्याला जाऊन वहीच्या अकरा झेरॉक्स प्रती काढल्या होत्या, स्पायरल बाइंडिंग करून. एक तिच्या शाळेत, एक माझ्याकडे, बाकी कुठे ते विचारलं नाही. माझ्या प्रतीवर नावाखाली व्हाइटनर लावलेला दिसला, म्हणून फोन केला.

"संजनाने 'भाग पहिला' असं टाकलं होतं," महादू म्हणाले. "मी पुसायला लावलं. दुसरा होईल की नाही कुणाला माहीत? उगाच पहिला कशाला म्हणायचं?"