मी दाखवलेला माणूस

शाळा सुटून चाळीसेक वर्षं झाल्यावर आमच्या वर्गातली उरलेली मंडळी नागपुरात एकदा जमली. जेवणं आटोपल्यावर कुणीतरी एक क्लॅरिनेट माझ्या हातात ठेवली. "तू शाळेच्या बँडमध्ये वाजवायचास ना? वाजव." मी म्हणालो, समोरचे चार दात खोटे आहेत, फुंक टिकत नाही. एकाने विचारलं, "पडले की पाडले?" "पाडले," मी म्हणालो. सगळे हसले. तिथे पुढचं सांगता आलं नाही.

आमचं गाव मौद्याच्या पलीकडे. आमच्या घराकडे डफ होता. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बा पाटलाच्या दारात अनवाणी उभा राहून डफ वाजवायचा आणि उरलंसुरलं अन्न घरी आणायचा. आम्ही धर्म बदलला त्या वर्षी बाने तो डफ फोडला आणि चुलीत घातला. जळत्या कातड्याचा वास घरात दोन दिवस होता. मग आम्ही नागपुरात आलो. बा कापडाच्या मिलमध्ये मागावर लागला.

हायस्कूलमध्ये कवायतीच्या सरांनी मला क्लॅरिनेट शिकवली. बाला कळलं तेव्हा त्याने मिलमधून आणलेल्या जुन्या चामडी पट्ट्याने मला बडवलं. मारताना तो सतत बोलायचा, शिव्या द्यायचा. "आपण सोडलं ना थे वाजवणं? मंग तू काहून धरून राहिला?" पाठीवरचे वळ उतरेपर्यंत मी क्लॅरिनेटला हात लावला नाही. उतरल्यावर लावला. मला ती आवडत होती. तिच्या आवाजात आमच्या वस्तीचं काहीच नव्हतं, म्हणून आवडत असेल.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि त्या उन्हाळ्यात मी बाच्या चोरून एका बँडपार्टीत जायला लागलो. वर्गातला एक मित्र तिथे पितळी कॉर्नेट वाजवायचा, त्यानेच नेलं. लाल कोट, काळे बूट. एका सकाळी पार्टीचा टेम्पो भंडारा रोडला लागला आणि मौदा मागे पडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की वरात आमच्याच गावची आहे.

कुणी ओळखणार नाही असं वाटलं होतं. पण माझा चेहरा बाचाच आहे. वरात देवळापाशी आली तेव्हा ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "हा तं त्या डफवाल्याचा पोरगा होय." नवरदेवाचा चुलता माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तिशीचा, धिप्पाड माणूस.

"बूट काढ."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"तुझा बाप अनवाणी वाजवत होता इथं. काढ."

बँडमास्तर हळूच म्हणाले, "काढ गा, काय जाते तुझं?" बाकी सगळे थांबले होते. मी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि अर्धवट राहिलेली चाल पुढे वाजवायला घेतली.

चुलत्याने खालून, क्लॅरिनेटच्या कर्ण्यावर, तळहाताने फटका हाणला. आतून कडकन आवाज आला. दात जिभेवर आले, मग रक्त आलं, इतकं की श्वास घेता येईना. माझ्या मित्राने कॉर्नेट उलटी धरून त्या चुलत्याच्या कपाळावर घातली. मग गाव आमच्यावर पडलं. ढोल फाडला. मास्तरांना शेणात लोळवलं. माझ्या मित्राचा उजवा हात जमिनीवर दाबून एकाने टाचेने बोटं चिरडली. मला लाथा बसत होत्या आणि मी एक दात मुठीत घट्ट धरून पडलो होतो.

घरी मायने मिठाच्या पाण्याने तोंड धुतलं. बा पाळी संपवून आला. आता पट्टा निघणार म्हणून मी भिंतीला चिकटून बसलो. त्याने हनुवटी धरून माझं तोंड उघडलं, आत पाहिलं.

"कोण्या गावचा होता?"

मी सांगितलं. बा त्या रात्री जेवलाही नाही. सकाळी मिलला जायचं सोडून त्याने पिशवी उचलली.

"चाल. मले दाखव."

माय आडवी आली. त्याने तिला बाजूला सारलं. बसमध्ये त्याने मला खिडकीजवळ बसवलं, एवढंच.

तो चुलता लिंबाखाली दाढी करून घेत बसला होता. कपाळाला पट्टी, गालांना फेस. फेसामुळे बाला चेहरा दिसत नव्हता. बाने विचारलं, "हा होय?"

हा नाही, असं मी म्हणू शकलो असतो. दोन शब्द होते. पण मला त्याला मार बसायला हवा होता, त्याचेही दात पडताना मला बघायचं होतं. मी बोट दाखवलं.

बाने पिशवीतून धोटा काढला. मागातून सूत घेऊन धावतो तो, जड लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. पहिलाच घाव डोळ्यावर बसला. न्हावी वस्तरा टाकून पळाला. फेस लाल झाला. मला मारताना तोंडाचा पट्टा चालवणारा बा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या घावाला मी ओरडलो, "बा, पुरे!" तो थांबला, पण आणखी दोन मारून. मग तो तिथेच खाली बसला आणि लोक येण्याची वाट पाहू लागला.

त्या माणसाचा डोळा गेला. बाला शिक्षा झाली, मिलची नोकरीही गेली. मी पुढे शिकायचं सोडलं आणि खापरखेड्याला वीजकेंद्रात लागलो. बॉयलरपाशी आयुष्य गेलं, जिथे माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माझ्या मित्राची बोटं सरळ झालीच नाहीत. त्याची एकच तक्रार होती: "मले काहून नाही नेलं?"

बा सुटून आला तो वेगळाच माणूस होऊन. क्वार्टरच्या दारात दिवसभर बसून राहायचा. मला त्याने पुन्हा हात लावला नाही. हात मीच उचलायला शिकलो. एकदा ड्यूटीवरून आलो तर माझा मुलगा ताटावर चमच्याने ठेका धरत होता, चांगला धरत होता. मी बंद कर म्हणालो. त्याने केलं नाही. मी त्याला असा मारला की तो कोपऱ्यात जाऊन आपटला. पुन्हा हात उचलला तेव्हा बाने मागून माझं मनगट पकडलं. "कान फुटंल त्याचा," तो म्हणाला. एवढंच. त्याच्या हातात अजून ताकद होती.

बा गेल्यानंतर मी एकदा त्या गावाला गेलो. तो माणूस अंगणात खाटेवर बसला होता. राहिलेल्या डोळ्याने त्याने मला नीट पाहून घेतलं.

"तुझा बाप मेला म्हणे."

"हो."

"बोट तूच दाखवलं होतं."

"हो."

"मंग आता कशाले आला?"

 ओठांवर माफी आली होती, पण त्याने 'बूट काढ' म्हटलेलं कानात वाजत होतं, आणि दोन्ही एकदम बाहेर पडेनात. त्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "याले नको देऊ," तो म्हणाला. "जाऊ दे त्याले." ती तांब्या घेऊन आत गेली.

मी सडकेला लागलो. ऊन चढलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, परत जाऊन त्याला खाटेवरून खाली ओढावं असं वाटत होतं. सडकेवर उभा राहून मी गावाकडे पाहत राहिलो, बराच वेळ. मग मौद्याची बस आली आणि मी चढलो.