आप्पा, तांब्या आणि माझं हायड्रेंजिया

बागवाल्यांनो, आज दुपारी पुन्हा तेच झालं.

महाबळेश्वरहून आणलेलं हायड्रेंजिया मी श्रीवर्धनला आमच्या ओटीवर कुंडीत लावलंय. दुपारच्या झळांनी ते मान टाकतं आणि संध्याकाळी आपोआप सावरतं. पण माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, ते बघवत नाही. पानं लोंबली की ते तांब्याभर पाणी ओततात.

आज कुंडीत नुसता चिखल होता. बोट घातलं तर कुजका वास आला.

"आप्पा, पाण्यानेच मरतंय हो ते."

"पाण्यानं झाड मरतं होय? अख्खा जन्म वाडी शिंपण्यात गेलाय माझा."

त्यांची सुपारीची वाडी वादळात आडवी झाली. नवी रोपं लावलीत, पण आप्पांना आता तिथवर चालवत नाही. त्यांच्या हाताला येईल असं हे एकच झाड उरलंय.

मग मी तांब्या लपवला. थोड्या वेळाने बघते तर आप्पा स्वतःच्या पेल्यातलं प्यायचं पाणी कुंडीत ओतत होते.

झाड कसं वाचवायचं ते मला माहीत आहे. आप्पांना थांबवायचं कसं, ते कुणाला जमलंय का?