नकाशातली भिंत

तो नकाशा आज माझ्या क्लासमध्ये टांगलेला हाय. कोकणातल्या एका बंदराचा अन् भोवतालच्या डोंगरांचा, स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांत छापलेला, मागून कापड लावलेला. कोपऱ्यात चहाचा डाग हाय. तो सरांचा.

भूकंपात आमचं औशाकडचं गाव गेलं अन् दगडमातीच्या भिंतीखाली माझी आई गेली. वडिलांनी मला लातूरला मावशीकडं ठेवलं, भूगोलाच्या क्लासला घातलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी हा नकाशा फळ्यावर टांगला, निळ्या भागावर छडी ठेवली अन् मला उभं केलं. "हे काय?"

"धरण," मी म्हणलं. आमच्याकडं एवढं पाणी म्हणजे धरणच असतंय. पण शंका आली म्हणून विचारलं, "सर, याची भिंत कुठंय?"

पोरं हसली. ते मी सोसलं असतं. पण सर म्हणाले, "भूकंपवाली ना ही. हिला भिंतीशिवाय दुसरं दिसणार काय?" त्यांना माहीत होतं. फॉर्मवर आईच्या नावापुढं 'मयत' मीच लिहून दिलं होतं.

डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. या माणसाला सोडायचं न्हाई, एवढं ठरवलं. नकाशा पाठ केला. कुठली विहीर कुठं, कुठल्या टेकडीची उंची किती. भूगोलच शिकले अन् सरांच्या नाकावर टिच्चून समोरच्याच इमारतीत क्लास काढला. लातुरात बाहेरगावची पोरं लोंढ्यानं यायला लागली होती. सरांची पोरंही हळूहळू रस्ता ओलांडून माझ्याकडं आली. त्यांनी क्लास बंद करून सामान विकलं, तेव्हा मी फक्त नकाशा घेतला.

गेल्या उन्हाळ्यात सर स्वतः माझा जिना चढून आले. दम लागला होता. "मॅडम, आठवड्याला दोन तास शिकवायला मिळाले तरी चालतील. घरी बसवत नाही."

मी नकाशाकडं बोट केलं. "सर, भिंत कुठंय?"

वाटलं, विसरले असतील. विसरले नव्हते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चुकलंच माझं तेव्हा," म्हणाले.

हेच ऐकायची मी इतकी वर्षं वाट बघत होते. ऐकलं, अन् तरी म्हणलं, "जागा न्हाई, सर."

जागा होती. सर भिंतीला हात टेकवत एकेक पायरी उतरले. शेवटच्या पायरीपर्यंत मी वरून बघत उभी राहिले. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.