आज डेमोला समोर आई नव्हती

मंडळी, आज व्हिएतनाममधल्या एका शाळेने माझी ऑनलाइन मुलाखत घेतली. इंग्रजी शिकवून दाखवायचं होतं.

बिबवेवाडीच्या घरी मी याची तयारी आईला समोर बसवून करायचे. तिला इंग्रजी येत नव्हतं. भेंडी दाखवून इंग्रजी नाव विचारलं की ती बराच वेळ आठवत बसायची. मी मध्येच उत्तर सांगितलं की म्हणायची, "घाई कसली गं? विमान सुटतंय का?"

मागच्या महिन्यात आई गेली.

आज शिकवताना मी प्रश्न विचारला आणि सवयीने तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबले. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "उत्तरासाठी इतका वेळ देणारे शिक्षक कमी असतात."

नोकरी मिळाली. अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यात आधी तिलाच सांगायची सवय आहे. तुम्ही अशा वेळी काय करता?