कान बघणारे नाना

भिंतीकडे तोंड करून मी ध्यानाला बसलो होतो आणि मागून कुणीतरी माझा कान धरला. राठ बोटांनी चाचपला, सोडला, मग दुसरा धरला. "गार हायेत," नाना म्हणाले. "पाव्हणं, पोट साफ हुतंय न्हवं?"

कोंडीबानाना म्हणजे पालीतले माझे घरमालक. राजगडाच्या पायथ्याशी त्यांची वीसेक शेरडं. गोठ्याला लागून असलेली खोली मी तीन महिन्यांसाठी घेतली होती. पुण्यातल्या नोकरीवरून रजा काढून झेन ध्यान करायचं, एकच वेळ जेवायचं, चारच तास झोपायचं, असा माझा पण. आजारी जनावराचे कान गार पडतात, म्हणून नाना रोज सकाळी एकेका शेरडाचे कान बघत. त्या रांगेत शेवटचा मी. असा राग यायचा म्हणून सांगू!

"नाना, काही न करता नुसतं बसायचं, हीच साधना आहे," मी एकदा तडकून म्हणालो.

"बसा की. आमची शेरडंबी बसत्यात. पण बसली की रवंथ करत्यात. रवंथ सोडून नुसतं बसलं, की म्या वळखतो, जनावर बिघडलं."

यांना काय कळतंय, मी मनात म्हटलं. कुठं ध्यान, कुठं शेळी!

सातव्या आठवड्यात आसनावरून उठलो आणि भिंतीवर आपटलो. शुद्ध आली तेव्हा टेम्पोत होतो, डोकं नानांच्या मांडीवर. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, उपासमार. मी हुंदके देऊन रडलो. दहा वर्षं जपलेली साधना आपल्याच्यानं होत नाही, संपलं सगळं, असं म्हणत राहिलो.

"सोडा म्हनलं का म्या?" नाना खेकसले. "खाऊन बसा. उपाशी जनावर पडतं, पाव्हणं. त्याला बसनं म्हनत न्हाईत."

त्यानंतर सकाळी शेरडांमागे डोंगर, मग नाचणीची भाकरी, मग ध्यान. बसण्याचे तास मी कमी केले नाहीत, पण आता श्वास पोटापर्यंत जायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी येत नव्हती.

यंदा नानांच्या सुनेचा फोन आला, म्हणून पालीला गेलो. नाना ओट्यावर पडून होते. मी त्यांचा कान धरला. मग दुसरा.

"गार हाय न्हवं?" ते हसले. "मला म्हाईत हाय. बसा हितं जरा. तुमास्नी बसायला येतं."

मी मांडी घालू लागलो.

"आदी जेवा."

सुनेनं भाकरी आणली. त्यांच्यासमोर मी ती सगळी खाल्ली. मग बसलो. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. उठलो तो मी एकटाच.